श्वानाचा घास

महाभारताच्या आदिपर्वात एकलव्याची कथा येते. पांडव मृगयेसाठी अरण्यात गेले असता त्यांच्याबरोबरचा एक श्वान भटकत भटकत एकलव्यापाशी येऊन पोहोचतो आणि त्या अनोळखी वनवासी तरुणाला पाहून भुंकू लागतो. एकलव्य त्याच्या उघड्या मुखात सात बाण सोडतो. मुख बाणांनी भरलेला तो प्राणी पांडवांकडे परततो, आणि ते दृश्य पाहून पांडव त्या अज्ञात धनुर्धराच्या हस्तलाघवाने थक्क होतात. पुढे गुरुदक्षिणेचा प्रसंग घडतो, अंगठा तुटतो, आणि ऐकणाऱ्याचे मन त्या अंगठ्यापाशी जे थबकते ते तेथून हलत नाही. ते योग्यच आहे. परंतु त्या श्वानाच्या मुखातले बाण कोणी काढले, त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

श्वानाच्या मुखाकडे पाहण्याची माणसाची रीत बहुधा अशीच राहिली. त्याच्या भुंकण्याचा, चावण्याचा आणि इमानाचा विचार माणसाने पुष्कळ केला. त्या मुखातून आत काय जाते आणि जाताना कोठे अडते, याचा विचार करायला मात्र त्याने फार काळ घेतला. वस्तुतः श्वानाच्या घशात अडकणाऱ्या वस्तूंचा इतिहास हा माणसाच्याच उष्ट्याचा आणि केरकचऱ्याचा इतिहास आहे. जी वस्तू माणसाच्या घरात आली, ती आज ना उद्या श्वानाच्या जबड्यात गेली.

घशात अडकलेल्या हाडाची आठवण कथावाङ्मयाने मात्र फार प्राचीन काळापासून जपून ठेवली आहे. पाली जातककथांत जवसकुण जातक म्हणून एक कथा आहे. मांस खाताना एका सिंहाच्या घशात हाड अडकते. घसा सुजतो, अन्न गिळवेना होते. बोधिसत्त्व त्या जन्मी सुतारपक्षी असतो. तो उपकाराला सिद्ध होतो, पण सिंहाच्या स्वभावाची त्याला पुरती जाणीव असते. म्हणून तो प्रथम सिंहाच्या दोन्ही जबड्यांमध्ये एक काटकी उभी अडकवितो, मग आत शिरून चोचीने हाड सोडवितो, आणि शेवटी काटकी पाडून बाहेर उडून जातो. रोमन कवी फीड्रस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हीच कल्पना लांडगा आणि करकोचा यांच्या रूपाने लॅटिन पद्यात मांडली. दोन्ही कथांचे तात्पर्य कृतघ्नतेविषयी आहे. परंतु लांडगा हा श्वानाचा निकटचा आप्त, आणि घाईघाईने मांस गिळणाऱ्या प्राण्याच्या घशात हाड रुतते हे निरीक्षण काल्पनिक नव्हे. जातकातली ती काटकी तर आजच्या पशुवैद्याच्या हत्यारांच्या पेटीतही आहे. भूल दिलेल्या श्वानाचा जबडा उघडा ठेवण्यासाठी तो जे साधन लावतो, त्याचे काम नेमके तेच असते.

श्वानालाच हे संकट इतक्या सहज का गाठते, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. पूर्ण वाढलेल्या श्वानाला ४२ दात असतात, पण चर्वण हा त्या दातांचा धर्म नव्हे. माणसाचा अथवा गाईचा जबडा बाजूला सरकून घास दळतो. श्वानाचा जबडा मुख्यतः वरखाली चालतो. त्याचे सुळे पकडतात, दाढा कात्रीसारख्या तोडतात, आणि तुटलेला तुकडा जवळजवळ तसाच पोटात जातो. शिकार कळपाने करावयाची आणि कळपानेच वाटून खावयाची, तेव्हा जो रेंगाळेल तो उपाशी राहील, हा त्याच्या पूर्वजांचा अनुभव होता. घरातल्या थाळीवर दुसरा वाटेकरी नसतानाही ती घाई त्याच्या अंगातून गेलेली नाही.

असा अखंड गिळलेला तुकडा दोन प्रकारांनी घात करतो. तो स्वरयंत्राच्या तोंडावर बसला तर श्वास कोंडतो आणि अवधी काही मिनिटांचाच उरतो. तो अन्ननलिकेत उतरला तर छातीच्या प्रवेशापाशी, हृदयाच्या तळाशी किंवा श्वासपटलाच्या किंचित अलीकडे, अशा ठरावीक ठिकाणी तो रुतण्याचा संभव असतो. तेथूनही निसटला तर जठराचे निर्गमद्वार आणि लहान आतडे ही पुढची अरुंद स्थाने आहेतच. पहिला मृत्यू सर्वांच्या डोळ्यांदेखत येतो. दुसरा दोनचार दिवस घेतो, आणि त्या दिवसांत घरच्यांना केवळ एवढेच जाणवते की कुत्रे जरा मलूल आहे.

माणूस आणि श्वान यांचे साहचर्य किती प्राचीन आहे, याचा एक ठळक पुरावा १९१४ मध्ये जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे मिळाला. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एका श्वानाचे अवशेष होते. त्यानंतर शेती आली, धान्य आले, वस्तीच्या कडेला उकिरडा आला. २०१३ मध्ये स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा श्वानात कितीतरी अधिक आहेत. म्हणजे माणसाच्या भाकरीने श्वानाचे पोट बदलले. जबडा मात्र फारसा बदलला नाही. पचनाने तो माणसाच्या घरचा झाला आणि गिळण्याने रानातलाच राहिला. त्याच्या घशातील संकटाचे मूळ या विसंगतीत आहे.

प्राचीनांना ही विसंगती शास्त्र म्हणून ठाऊक नव्हती, तरी व्यवहार म्हणून ती त्यांच्या ध्यानात आली होती. रोमन पंडित व्हारो याने इसवी सनपूर्व ३७ मध्ये लिहिलेल्या कृषिग्रंथात मेंढपाळांच्या श्वानांना दुधात भिजविलेली जवाची भाकरी द्यावी असे सांगितले आहे. हाडांचा रस्सा द्यावा आणि हाडेही द्यावीत, पण ती कुटून द्यावीत, असाही त्याचा सल्ला आहे. पुढच्या शतकातील कोलुमेला जवाचे पीठ निवळीत कालवून, अथवा भाकरी उकडलेल्या बाकल्याच्या पाण्यात भिजवून द्यावी, असे म्हणतो. ‘भिजविलेली’ आणि ‘कुटलेली’ या दोन शब्दांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठविलेला आहे.

भारतीय गृहस्थाश्रमातही वैश्वदेवाच्या वेळी काकबळीबरोबर श्वानासाठी अन्न काढून ठेवण्याचा विधी होता. ते अन्न भूमीवर हळुवारपणे ठेवावे, असे मनुस्मृती सांगते. त्याच वचनात समाजाने दूर लोटलेल्या माणसांनाही श्वानांच्या पंगतीला बसविले आहे, हे त्या काळाचे वैगुण्य नजरेआड करता येत नाही. परंतु श्वानाच्या वाट्याला जो घास ठरविला होता तो शिजलेल्या मऊ अन्नाचा होता, एवढे त्यातून दिसते. जोवर घरात भात, भाकरी आणि ताक होते, तोवर श्वानाला मुख्य भय हाडाचेच होते. त्यातही शिजविलेल्या हाडाचे भय अधिक. कारण उष्णतेने हाडाचा चिवटपणा जातो आणि दाताखाली येताच त्याच्या सुईसारख्या अणकुचीदार ढलप्या निघतात.

एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाने घराचे रूप पालटले आणि त्याबरोबर श्वानाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूही पालटल्या. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन व्यापारी लंडनला आला होता. जहाजांवरची टणक बिस्किटे बंदरावरची कुत्री आवडीने खाताना पाहून त्याला खास श्वानांसाठी बिस्किटे करण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. १८६० च्या सुमारास त्याने गव्हाचे पीठ, भाज्या आणि वाळविलेले मांस यांची बिस्किटे बाजारात आणली. श्वानाचे अन्न ही विकत घेण्याची वस्तू झाली ती येथून. त्याच व्यवसायात उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये लंडनमध्ये आपल्या नावाने श्वानप्रदर्शन सुरू केले. ते पुढे जगप्रसिद्ध झाले. श्वान आता अंगणातून दिवाणखान्यात आला होता.

दिवाणखान्यात खेळ होते. चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली होती आणि १८४४ मध्ये तिचे एकस्व घेतले होते. टणाटण उसळणारा पोकळ रबरी चेंडू त्यातून शक्य झाला, आणि १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड याने लॉन टेनिसचे एकस्व घेतल्यावर तो चेंडू घरोघरी पोहोचला. चेंडू फेकावा आणि श्वानाने तो आणून द्यावा, हा दोघांच्याही आनंदाचा खेळ. परंतु मोठ्या जातीच्या श्वानाला लहान चेंडू दिला, तर तो लाळेने निसरडा होऊन जिभेच्या मुळापलीकडे घसरतो आणि बाटलीच्या बुचासारखा श्वासमार्ग बंद करतो. गोल वस्तूला धरण्याजोगी कड नसते. घाबरलेला धनी बोटांनी ती ओढू पाहतो आणि बहुधा आणखी आत लोटतो. श्वानाचे खेळणे त्याच्या तोंडापेक्षा मोठे असावे, हा साधा नियम अशा प्रसंगांनी शिकविला.

कच्च्या चामड्याच्या चघळावयाच्या कांड्या हीही याच बाजाराची देणगी. लाळेने त्या फुगतात, बुळबुळीत होतात, आणि उरलेला शेवटचा तुकडा श्वान एकदम गिळून टाकतो. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम याच्या फ्रिट्झ नावाच्या श्वानाला दगड चावण्याची खोड होती. त्यापासून त्याचे दात वाचविण्यासाठी धन्याने नाना वस्तू पुढे टाकल्या, आणि श्वानाने त्यांतून फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी सुटा भाग निवडला. त्यावरून कठीण रबराचे, पोकळ, न तुटणारे खेळणे निघाले आणि १९७६ पासून ते विकले जाऊ लागले. बाजाराने संकट आणले आणि बाजारानेच त्यावर एक उपाय शोधला, असे हे उदाहरण आहे.

संकट ओळखण्याचे आणि दूर करण्याचे शास्त्रही याच काळात वाढत होते. मुंबईत श्वानांचा प्रश्न फार पूर्वीच लोकांच्या मनाला भिडला होता. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम दिला तेव्हा पारशी समाजाने उघड प्रतिकार केला आणि दंगा उसळला. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली, परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये त्याच्या आश्रयाने मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. श्वानाला मरू देऊ नये ही भावना आधी आली; त्याला वाचवावे कसे याची विद्या तिच्या मागून आली.

१८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म राँटगेन याला क्ष-किरण सापडले आणि जिवंत देहातले हाड, नाणे, टाचणी डोळ्यांना दिसू लागली. अमेरिकेतील शल्यवैद्य शेव्हॅलिए जॅक्सन याने नळीवाटे घशात व श्वासनलिकेत उतरून अडकलेल्या वस्तू शस्त्रक्रियेवाचून काढण्याचे तंत्र घडविले. मनुष्यरुग्णांकडून काढलेल्या अशा २,३७४ वस्तू त्याने जपून ठेवल्या. तो संग्रह फिलाडेल्फिया येथील म्यूटर संग्रहालयात आहे. टाचण्या, बटणे, नाणी, लहान मुलांची खेळणी अशा त्या वस्तू पाहताना ध्यानात येते की, तान्हे मूल आणि श्वान यांच्या बाबतीत घरातला धोका एकच असतो. दोघेही जग तोंडाने तपासतात. पुढे लवचिक दुर्बीण आली, आणि बालकांच्या घशात उतरणारे साधन श्वानाच्याही उपयोगी पडू लागले.

परंतु या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग १९७४ मधील आहे. अमेरिकेत जेवताना घास अडकून माणसे दगावत, आणि पाठीवर थापा मारण्यापलीकडे लोकांना उपाय ठाऊक नव्हता. सिनसिनाटी येथील शल्यवैद्य हेन्री हाइमलिक याने भूल दिलेल्या बीगल जातीच्या श्वानांवर प्रयोग केले. तोंड बंद केलेली नळी श्वानाच्या स्वरयंत्रात बसवून त्याने कृत्रिम अडथळा निर्माण केला. छाती दाबून पाहिली, अडथळा हलेना. मग बरगड्यांच्या खाली, श्वासपटलाच्या रोखाने दाब दिला, तेव्हा फुप्फुसांत उरलेल्या हवेच्या जोराने ती नळी उसळून बाहेर पडली. त्या वर्षी जूनमध्ये हा उपाय प्रसिद्ध झाला आणि त्याच्याच नावाने जगभर शिकविला जाऊ लागला. उपाहारगृहात, शाळेत, घरात त्याने असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत.

एकलव्याच्या कथेत श्वानाच्या मुखातील बाणांनी माणसाचे कौशल्य सिद्ध झाले. येथेही श्वानाच्याच कंठातील अडथळ्याने माणसाच्या कंठावरचा उपाय सिद्ध झाला. घास अडकलेला माणूस वाचतो, तेव्हा त्यात त्या बीगल श्वानांचा वाटा असतो. ते ऋण फेडण्याची रीतही त्याच प्रयोगाने दाखविली. आज पशुवैद्य हाच दाब श्वानाला कसा द्यावा हे शिकवितात: मोठ्या श्वानाच्या पोटाला मागून दोन्ही हातांनी वेढून, शेवटच्या बरगडीच्या लगत खाली, पुढच्या व वरच्या दिशेने झटका द्यावयाचा, लहान श्वानाला मागच्या पायांनी उचलून डोके खाली करावयाचे. वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि सहज हाती येत असेल तरच ती काढावी, आंधळेपणाने बोटे घालू नयेत. आणि वस्तू निघाली तरी प्राण्याला वैद्याकडे न्यावेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासात प्लॅस्टिक अवतरले. स्वीडनमधील स्टेन गुस्टाफ थुलिन याने आखलेल्या बंदांच्या पिशवीचे एकस्व १९६५ मध्ये एका स्वीडिश कंपनीला मिळाले, आणि काही दशकांत ती पिशवी भारतातल्या खेड्यापर्यंत पोहोचली. पूर्वी उष्टे अन्न उकिरड्यावर उघडे पडे; आता ते गाठ मारलेल्या पिशवीत पडू लागले. श्वानाच्या नाकाला पिशवी आणि अन्न यांतला भेद कळतो, पण भुकेला तो मानवत नाही. पिशवीचा तुकडा घासाबरोबर पोटात जातो. तो पचत नाही, पुढे सरकतोच असेही नाही. तळाशी थोडे अन्न उरलेली रुंद तोंडाची बरणी तर भटक्या श्वानाच्या डोक्यातच अडकते. त्याला खाता येत नाही, पाणी पिता येत नाही, आणि माणसांना भिऊन तो पळत राहतो. अशा श्वानाला पकडून ती बरणी कापणारे स्वयंसेवक भारताच्या अनेक शहरांत आहेत. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंना देशभर मनाई झाली. कायद्याने वस्तू कमी होते. टाकण्याची सवय कायद्याने एकदम जात नाही.

या साऱ्या घडामोडींनंतर घरातील धोक्यांची यादी लांबली आहे, पण ती अनोळखी नाही. कोंबडीचे शिजविलेले हाड आहे. उन्हाळ्यात आंब्याची कोय आहे. रसाच्या गोडीने श्वान ती अखंड गिळतो आणि ती आतड्यात बुचासारखी बसते. पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस आहे. ते पोटात विरघळत नाही आणि क्ष-किरणांच्या चित्रातही सहज उठून दिसत नाही. पायमोजे आहेत, चिंध्या आहेत, मुलांचे लहान चेंडू आहेत. घड्याळातली बटणाएवढी बॅटरी आहे. ती अन्ननलिकेत थांबली तर काही तासांत भोवतालची त्वचा जाळते. दोरा, सुतळी आणि पतंगाचा मांजा यांचा घात सर्वांत कपटी असतो. त्यांचे एक टोक जिभेखाली अथवा जठरात अडकते, उरलेला दोरा पुढे जातो, आणि आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होऊन कापले जाते. म्हणून तोंडातून अथवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा कधीही ओढू नये.

श्वास कोंडलेला श्वान पंजांनी तोंड ओरबाडतो, त्याच्या हिरड्या निळसर पडतात. आतडे अडलेला श्वान वारंवार ओकतो, अन्नाकडे पाठ फिरवितो, पोटाला हात लावू देत नाही. अशा वेळी घरगुती औषधाने ओकारी करवणे म्हणजे टोकदार वस्तूला दुसऱ्यांदा अन्ननलिकेतून ओढणे होय. वेळ हेच येथे औषध आहे; पहिल्या दिवशी जी वस्तू दुर्बिणीने निघू शकते, तिच्यासाठी चौथ्या दिवशी आतड्याचा भाग कापावा लागतो.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत नामदेवांची एक कथा घरोघरी सांगितली जाते. पंढरपूरच्या या संताचे अभंग महाराष्ट्रात गायिले जातात आणि त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहेत. त्यामुळे ही कथा पंजाबातही आपली मानली जाते. नामदेव जेवावयास बसले असता एक कुत्रा त्यांची पोळी पळवून नेतो. नामदेव त्याच्या मागे धावतात. पाहणाऱ्यांना वाटते, ते पोळी सोडविण्यासाठी धावत आहेत. पण त्यांच्या हातात तुपाची वाटी असते. कोरडी पोळी त्याने कशी खावी, एवढीच त्यांची चिंता असते. भक्तिमार्गाने या कथेत सर्वांभूती ईश्वर पाहिला. श्वानाच्या घासाच्या इतिहासात तिला आणखी एक स्थान आहे. एकलव्याच्या कथेत श्वानाच्या मुखात काय भरले आहे हे सर्वांनी पाहिले, आणि त्याला काय होत असेल हे कोणी विचारले नाही. नामदेवांनी तो विचार केला, आणि त्यासाठी ते भरल्या ताटावरून उठले.